कोंबड्या एकमेकींना टोचतायत? आधी जखम कुठे आहे ते बघा

परसात आठ-दहा कोंबड्या ठेवल्या की पहिल्या वर्षात कधीतरी हे होतंच. एखादीची पाठ बोडकी दिसते, शेपटीच्या बुडाशी रक्त दिसतं, एखादी दिवसभर कोपऱ्यात मान घालून उभी राहते आणि बाकीच्या खाऊन झाल्याशिवाय दाण्याजवळ येत नाही. घरातले लगेच म्हणतात ती तांबडी फार खट आहे, तिला काढून टाका. तांबडीला काढलं की पंधरा दिवसांनी काळी तेच करायला लागते, कारण जागा कमी होती ती तेवढीच राहिली आणि खाद्यात जे नव्हतं ते अजूनही नाहीये. म्हणून हा लेख लिहितोय. मी तळकोकणात गावठी आणि त्यात गिरिराज, थोड्या कावेरी या परसातल्या सुधारित जातींच्या अशा मिसळून पाळतो. इथे पावसाळ्यात कोंबड्या आठवडेच्या आठवडे आत अडकतात, त्यामुळे टोचाटोची काय असते आणि ती कशाने थांबते हे जवळून बघायला मिळालंय.

आधी एक गोष्ट समजून घ्या. थोडी चोचाचोची ही नॉर्मल आहे. कळपात कोण वरची कोण खालची हे कोंबड्या चोच मारूनच ठरवतात. नॉर्वेच्या थॉर्लेफ शेल्डरुप-एबे या माणसाने घरच्या कोंबड्या बघून बघून १९२१ साली हे पहिल्यांदा शास्त्रीय पद्धतीने मांडलं होतं. पिल्लं साधारण दीड महिन्याची झाली की हे सुरू होतं आणि तलंगा, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्या, अंड्यावर येईपर्यंत बऱ्यापैकी ठरतं. एकदा ठरलं की वरचीने नुसतं मान उंच करून बघितलं तरी खालची बाजूला होते, खरी मारामारी लागत नाही. तेव्हा एक टोच, एक किंकाळी आणि मामला संपला, यात तुम्ही पडू नका. पडायचं कधी? रक्त आलं, पिसं उपटली जायला लागली, किंवा एखादीला खायला-प्यायलाच मिळत नाहीये आणि हातात घेतल्यावर तिचं छातीचं हाड टोकदार लागतंय, अशा वेळी.

आधी जमवून ठेवायचं सामान

हे रक्त दिसल्यावर शोधत बसू नका, एका डब्यात भरून खुराड्याजवळच ठेवा:

- एक मोठं डालं किंवा जाळीचा पिंजरा, ज्यातून आतली कोंबडी बाकीच्यांना दिसेल
- बीटाडीन, कापूस, मीठ, हळद, खोबरेल तेल
- जनावरांच्या जखमेवर मारायचा, माश्या न बसू देणारा स्प्रे, मेडिकलमध्ये किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घेतलेला
- बोथट टोकाची कात्री, नखं घासायची कानस
- टॉर्च
- जादा दोन खाद्याची भांडी आणि एक पाण्याचं
- एक वही. पिल्लं कधी आणली, कुठून आणली, लासोटा (राणीखेत रोगाची लस), गंबोरो आणि देवी या रोगांच्या लसी कधी झाल्या, खाद्य कधी बदललं, नवीन पक्षी कधी घातले. डॉक्टरकडे गेलात तर ते पहिलं हेच विचारतात, आणि तुम्हालाही वही चाळताना कारण सापडतं, कारण टोचाटोची बहुतेक वेळा कशाच्या तरी बदलानंतर सुरू झालेली असते

१. रक्त दिसलं? आधी तिला बाहेर काढा, विचार नंतर करा

कोंबडीला रंग चांगले कळतात आणि लाल रंगावर ती हमखास चोच मारते. एकीने टोचलं, रक्त आलं, की दुसरी येते, तिसरी येते, ज्या कधी कुणाला त्रास देत नाहीत त्यासुद्धा येतात आणि तासाभरात जखम मुठीएवढी होऊ शकते. संध्याकाळी बघू असं म्हणू नका.

तिला उचला, सावलीत न्या, पाठीवर टॉवेल टाकला की शांत होते. एक लिटर कोमट पाण्यात दोन सपाट चमचे मीठ घालून जखम धुवा, भोवतीची पिसं कात्रीने आखूड करा म्हणजे ती जखमेत चिकटत नाहीत. मग बीटाडीन. वाळल्यावर हळद-खोबरेल तेलाचा लेप चालतो, त्याने लाल रंगही झाकला जातो. लाल रंगाचं कुठलंच औषध लावून तिला परत कळपात सोडू नका. स्प्रे मारताना डोळे आणि नाकपुड्या हाताने झाका. आपल्याकडे उन्हाळा-पावसाळ्यात माश्या इतक्या असतात की उघड्या जखमेत एका दिवसात अळ्या होतात, म्हणून रोज दोनदा बघायचं, वास आला की समजा आत काहीतरी आहे. गाईगुरांच्या जखमेत टर्पेंटाइन घालतात तसं कोंबडीला घालू नका, तिची कातडी फार पातळ असते.

जखम खोल असेल, आतलं मांस दिसत असेल किंवा मागून आंग बाहेर आलं असेल तर घरगुती उपाय करत बसू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनला, १९६२ ला, फोन करा.

२. जखम कुठे आहे यावरून कारण ओळखा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि नवीन लोक नेमकी हीच सोडतात. सगळं टोचणं एक नसतं.

तुरा, डोकं, डोळ्यांच्या आसपास खपल्या असतील तर ती पायरी ठरवायची भांडणं. नवीन पक्षी आलाय, तलंगा अंड्यावर यायला लागल्यात, किंवा खाद्याचं भांडं एकच आहे. पण इथे एक सापळा आहे: देवी रोगातही तुऱ्यावर आणि पापण्यांवर खपल्या येतात. टोचल्याची खपली एखाद-दुसरी आणि वेडीवाकडी असते, देवीचे फोड वाढत जातात, मसासारखे दिसतात आणि काही दिवसांत दुसऱ्या कोंबड्यांनाही यायला लागतात. तसं वाटलं तर डॉक्टरला दाखवाच.

पाठ, शेपटीचं बूड, पंखांची पिसं गेली असतील आणि पिसं जमिनीवरही सापडत नसतील, तर कुणीतरी ती उपटून खातंय. याच्यात राग नसतो. उपटणारी अगदी शांतपणे शेजारी उभी राहून एकेक पीस ओढते आणि जिची जातात तीही कधीकधी गप्प उभी असते. याचं कारण खाद्यात किंवा रिकामपणात शोधायचं.

फक्त पाठ आणि डोक्याची मागची बाजू बोडकी, दोन्ही खांद्यांजवळ ओरखडे, तर तो कोंबडा आहे. कोंबड्या कमी आणि कोंबडे जास्त झालेत, किंवा त्याला एकच कोंबडी आवडते. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. त्याच्या पायाची आर, म्हणजे पायामागचं टोकदार शिंगासारखं नख, कानसने थोडी बोथट करा आणि त्या कोंबडीला काही दिवस वेगळी ठेवा.

मागची बाजू, म्हणजे अंडं येतं ती जागा टोचलेली असेल तर हे सगळ्यात धोक्याचं, यात आतडी बाहेर ओढली जाऊन कोंबडी मरते. पहिल्यांदा अंडी घालणाऱ्या तलंगा, फार मोठं अंडं, उजेडातली अंडी घालायची जागा ही नेहमीची कारणं. अंडं घातल्यावर तो भाग थोडा वेळ लाल आणि ओला राहतो, ते दुसरीला दिसलं की ती चोच मारते. अंडी घालायच्या खोक्यांना गोणपाटाचा पडदा लावा, अर्धा प्रश्न तिथेच मिटतो. चार-पाच कोंबड्यांमागे एक खोकं, फूटभर लांब-रुंद, खुराड्याच्या सगळ्यात अंधाऱ्या बाजूला.

आणि जखमा फक्त सकाळीच सापडत असतील, रात्री झोपताना सगळ्या ठीक असतील, तर एकमेकींवर आळ घेऊ नका. घुशी-उंदीर रात्री बसलेल्या कोंबडीला मागून कुरतडतात, मुंगूस आत शिरायला छोटं भोकही पुरतं. जाळीच्या कडा, दाराखालची फट बघा.

पिसं सगळ्या अंगाची थोडीथोडी गळतायत, आत नवीन कोंब फुटतायत, जखम कुठेच नाही, तर ती पिसं टाकतेय. पावसाळा संपून दिवस लहान व्हायला लागले की हे होतं, अंडीही बंद होतात. हा आजार नाही. फक्त नवीन कोंबांत रक्त असतं म्हणून त्या दिवसांत बाकीच्या टोचायला बघतात, तेवढी काळजी घ्या. आणि बोडक्या मानेची जात असते तिची मान जन्मापासूनच तशी असते, तिला औषध लावत बसू नका.

३. जागा मोजा. अंदाजाने नको, टेपने मोजा

रात्री बसायच्या खुराड्यात कोंबडीमागे निदान दोन चौरस फूट, दिवसाही आतच राहणार असतील तर चार, आणि बाहेरच्या जाळीत आठ-दहा चौरस फूट. बसायच्या दांडीवर प्रत्येकीला आठ-दहा इंच. आपण दहा पिल्लांना पुरेल असं खुराडं करतो, पिल्लं तीन महिन्यांत तिप्पट-चौपट होतात आणि खुराडं तेवढंच राहतं.

क्षेत्रफळाइतकंच महत्त्वाचं म्हणजे आडोसा. मार खाणारीला पळून दिसेनासं होता आलं पाहिजे. रिकाम्या चौकोनी जाळीत ती गोल गोल पळते आणि मारणारी मागे. मध्ये एक उभी फळी, उलटं टोपलं, माडाच्या झावळ्यांचा तिरका आडोसा, दोन-तीन उंचीच्या फांद्या टाका. आडोसा दोन्ही बाजूंनी उघडा हवा, कोपऱ्यात अडकेल असा नको. एवढं केल्यावरच बरीच भांडणं जागच्या जागी थांबतात.

खाद्याची भांडी दोन ते तीन, एकमेकांपासून लांब, एकाजवळ उभं राहून दुसरं दिसणार नाही अशी. पाण्याचंही तेच. वरची कोंबडी एका वेळी एकाच भांड्यावर पहारा देऊ शकते.

४. खाद्य तपासा, इथे नव्वद टक्के लोक गडबडतात

पीस हे जवळपास सगळं प्रथिनच असतं. कोंबडीला खाण्यातून प्रथिन मिळालं नाही की ती ते शेजारणीच्या पाठीवरून घेते, इतकं सरळ आहे. तांदळाची कणी, मका, उरलेला भात, भाकरीचे तुकडे यावर कोंबडी जगते पण यात प्रथिन आठ-नऊ टक्क्यांच्या आसपासच असतं आणि अंडी देणाऱ्या कोंबडीला सोळा ते अठरा टक्के लागतं. मोकळ्या फिरणाऱ्या गावठी कोंबड्या किडे, वाळवी, गांडुळं खाऊन भर काढतात. तुम्ही त्याच कोंबड्या जाळीत ठेवल्या आणि खायला कणीच दिली तर टोचणं सुरू होणारच.

सोपा मार्ग म्हणजे लेयर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांचं विकतचं खाद्य) आणणं आणि दिवसाच्या खाण्यात निम्म्यापेक्षा जास्त तेच देणं. घरी मिश्रण करत असाल तर सोयाबीन पेंड घाला, शेंगदाणा पेंडही चालते पण बुरशी आलेली अजिबात नको, त्या बुरशीचं विष कोंबडीचं लिव्हर खराब करतं. आमच्याकडे जवळ्याची सुकट स्वस्त मिळते ती मूठभर टाकतो, खारवलेली मासळी मात्र देऊ नका. घरच्या मिश्रणात मीठ घालायचंच राहून जातं आणि मिठाच्या कमतरतेनेही कोंबड्या टोचतात. किलोला तीन ग्रॅम पुरे, जास्त झालं तर विषच आहे. विकतच्या खाद्यात मीठ आधीच असतं, त्यात पुन्हा घालू नका.

अझोला या पाण्यावर तरंगत वाढणाऱ्या वनस्पतीबद्दल खूप ऐकाल. वाळवलेल्या अझोल्यात वीस-पंचवीस टक्के प्रथिन असतं हे खरं, पण ओल्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, त्यामुळे बादलीभर ओला अझोला म्हणजे खाद्य झालं असं समजू नका. पूरक म्हणून, शिवाय विरंगुळा म्हणून उत्तम.

अंड्यावरच्या कोंबड्यांना शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. लहान-मोठ्या एकत्र असतील तर सगळ्यांना ग्रोअर खाद्य (वाढत्या पक्ष्यांचं) द्या आणि शिंपले बाजूला, कारण लेयरमधलं कॅल्शियम पिल्लांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही.

खाद्य बदलल्यावर फरक दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. उपटलेलं पीस काही आठवड्यांत परत येतं, पण मधेच तुटलेल्या पिसाचं खुंट पुढच्या पीसगळीपर्यंत तसंच राहतं, म्हणून पाठ लगेच भरली नाही तर निराश होऊ नका.

५. रात्री टॉर्च घेऊन किडे बघा

अंगावर उवा किंवा गोचीड असली की कोंबडी दिवसभर स्वतःला टोचते, त्यात रक्त येतं आणि मग बाकीच्या. उवा मागच्या बाजूच्या पिसांच्या बुडाशी सापडतात, लिखांचे पांढरे पुंजके दिसतात. लाल गोचिडी मात्र दिवसा अंगावर नसतात, दांडीच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त प्यायला निघतात, म्हणून दिवसा बघून काही नाही म्हणू नका. अंधार पडल्यावर दोन तासांनी दांडीच्या खालून पांढरा कपडा फिरवा, लाल डाग उठले तर समजलं. औषध डॉक्टरला विचारूनच, अंडी किती दिवस खायची नाहीत तेही तेव्हाच विचारा. कोरडी माती, रेती आणि चुलीची चाळलेली राख एका टोपल्यात कायम ठेवा, कोंबड्या त्यात लोळून स्वतःच बरंच काम करतात.

६. उजेड आणि रिकामपण

छोट्या खुराड्यात भगभगीत बल्ब लावू नका. अंड्यांसाठी उजेड हवाच असेल तर मंद, आणि अंडी घालायच्या खोक्यांवर नकोच.

रिकामपणावर उपाय म्हणजे काम. कोंबडी दिवसाचा बराचसा वेळ उकरण्यात घालवणारा पक्षी आहे, सिमेंटवर ठेवली तर ती शेजारणीची पाठच उकरते. खाली सहा इंच तूस किंवा वाळका पाला टाका आणि त्यात मूठभर ज्वारी-बाजरी फेका. कोबीचा गड्डा, शेवग्याची फांदी, मुळ्याचा पाला डोक्याच्या थोडा वर टांगा. खडबडीत चिऱ्याचा तुकडा ठेवून त्यावर भिजवलेलं खाद्य पसरलंत तर चोचीचं टोक आपोआप झिजतं, म्हणजे टोचलं तरी जखम कमी.

पावसाळ्यासाठी हे सगळं मे महिन्यातच तयार ठेवा. जूनमध्ये तूस ओलं होतं, अमोनियाचा वास येतो, कोंबड्या बाहेर पडत नाहीत आणि मग सगळं एकदम सुरू होतं. जाळीच्या निदान एका भागावर पत्रा किंवा जाड ताडपत्री हवी, म्हणजे पावसातही त्यांना कोरडी जमीन उकरता येते.

७. एवढं करूनही एकच मारत असेल तर मारणारीला काढा

लोक मार खाणारीला वेगळं करतात. जखम असेल तर ते बरोबरच, पण जखम नसेल तर उलटं करा. मारणारीला चार-पाच दिवस, गरज पडली तर आठवडाभर, कळप दिसणार नाही अशा ठिकाणी ठेवा, खाणं-पाणी व्यवस्थित द्या. तेवढ्यात मागची पायरी नव्याने ठरते आणि ती परत येते तेव्हा नवखी असते, तिला स्वतःची जागा खालून शोधावी लागते.

जखमी कोंबडीच्या बाबतीत हेच गणित उलटं लागू होतं, म्हणून तिला डाल्यात ठेवा पण कळपाच्या नजरेसमोर, जाळीच्या आत. नजरेआड दोन आठवडे ठेवली तर ती परक्यासारखी परत येते आणि पुन्हा मार खाते. जखम पूर्ण सुकून खपली पडेपर्यंत सोडायची नाही.

अंडी उबवायला बसलेली खुडूक कोंबडी चोच मारते, तिला यात धरू नका, तिला वेगळी जागा द्या.

चोच कापणं घरच्या कळपात करू नका. चोचीत नसा असतात, दुखतं, आणि कारण तसंच राहतं. ऑनलाइन कोंबडीचे प्लॅस्टिकचे चष्मे मिळतात, ते समोरचं दिसू देत नाहीत. अगदी शेवटचा उपाय म्हणून काही दिवस ठीक, पण नाकातून पिन आरपार जाते तसले अजिबात नकोत.

८. नवीन कोंबड्या मिसळताना

बाजारातून आणली आणि संध्याकाळी सोडली, असं कधीच नाही.

पहिले तीन-चार आठवडे पूर्ण वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यांत. राणीखेतसारखा रोग घेऊन आलेली एक कोंबडी सगळा कळप संपवते, मारामारीचा प्रश्न त्यापुढे किरकोळ आहे. विकणाऱ्याला लसीची तारीख विचारा आणि वहीत लिहा.

मग एक-दोन आठवडे जाळीच्या पलीकडे, दिसतील पण टोचता येणार नाही अशा. खाद्याची भांडी जाळीच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ ठेवा, म्हणजे शेजारी शेजारी खायची सवय होते.

एकटी कधी आणू नका, निदान दोन-तीन. अंगाने फार लहान असतील तर थांबा, तलंगा मोठ्यांच्या जवळपास आकाराच्या होईपर्यंत, म्हणजे साधारण तीन-साडेतीन महिने.

सोडायच्या दिवशी खुराड्यातल्या दांड्या, आडोसे, भांडी यांच्या जागा बदला, म्हणजे जुन्यांनाही जागा नवीन वाटते. रात्री अंधारात नव्या दांडीवर बसवा, पण हे करून निर्धास्त झोपू नका, सकाळी दार उघडताना तुम्ही तिथे पाहिजे. पहिले दोन-तीन तास बघा. छाती फुगवून समोरासमोर उभं राहणं, दोन-चार उड्या, पाठलाग, हे होऊ द्या, मध्ये पडलात तर ते उद्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. तिघी-चौघी मिळून एकीला खाली दाबून डोक्यावर मारत असतील तरच उचला आणि जाळीपलीकडचा आठवडा पुन्हा करा. शक्य असेल तर मोकळ्या अंगणात ओळख करून द्या, तिथे सगळ्यांचं लक्ष किड्यांकडे असतं.

साधारण दोन आठवड्यांत बसतं. नव्या सगळ्यात शेवटी खातात, दांडीच्या कडेला बसतात, ते चालेल. फक्त त्यांचं पोट भरतंय का हे संध्याकाळी हाताने बघा, गळ्याखालची पिशवी भरलेली लागली पाहिजे. रिकामी लागली तर तिसरं भांडं लावा.

महिनाभर हे सगळं करूनही एखादी कोंबडी रक्त काढतच असेल तर तिला दुसऱ्याच्या मोठ्या, मोकळ्या कळपात देऊन टाका. असील रक्ताच्या कोंबड्यांचं असं बऱ्याचदा होतं, त्या मुळात झुंजीच्या जातीच्या. देताना घेणाऱ्याला खरं सांगा की ही टोचते, म्हणजे तो तिला पहिल्या दिवशीच बाकीच्यांत सोडणार नाही.